तीन महिने काटा हलला नाही, इंजेक्शन बदलायचं का?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर. मधुमेह नाही. थायरॉईडची गोळी चालू आहे, रक्तदाब थोडा वर असतो, गुडघे दुखतात आणि घोरण्याबद्दल घरच्यांची तक्रार आहे. अकरा महिन्यांपूर्वी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलं तेव्हा वजन ९६ किलो होतं, आता ८२ आहे. सध्याचा डोस १.७ मिलिग्रॅम. गेले तीन महिने वजन जागच्या जागी आहे आणि भूकही परत जाणवायला लागली आहे. मेडिकलवाला म्हणाला, 'शरीराला सवय झाली, आता मौंजारो घ्या.' मौंजारो म्हणजे टिर्झेपाटाइड हे दुसरं साप्ताहिक इंजेक्शन, कोल्हापुरात राहणारी बहीण तेच घेते. त्या विचारतात: बदलायचं का? बदललं तर कुठल्या डोसपासून, मध्ये किती दिवस सोडून? की महिनाभर सगळं बंद ठेवून हेच पुन्हा सुरू केलं तर पहिल्यासारखं लागू पडेल?

ताई, आधी हिशोब करू. ९६ चे ८२ म्हणजे १४ किलो, मूळ वजनाच्या साडेचौदा टक्के. सेमाग्लुटाइडची वजनासाठीची सर्वात महत्त्वाची चाचणी, स्टेप-१, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १,९६१ माणसं होती. ६८ आठवडे २.४ मिलिग्रॅमपर्यंतचा पूर्ण डोस घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. तुम्ही पूर्ण डोसला पोचायच्या आधीच त्या सरासरीला येऊन टेकला आहात. औषध तुम्हाला उत्तम लागू पडलं आहे. 'आता काही उपयोग नाही' असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाका.

मग वजन थांबलं का?

या औषधाची शरीराला सवय होते, पण ती एकाच बाबतीत ठळकपणे. सुरुवातीच्या आठवड्यांत जेवण पोटातून पुढे सरकायला फार वेळ लागतो. दोन घास खाल्ले की पोट गच्च, वर मळमळ, करपट ढेकर. हा परिणाम काही आठवड्यांत, महिन्यांत बराच कमी होतो. म्हणूनच डोस पायरीपायरीनं वाढवता येतो. मळमळ गेली की अनेकांना वाटतं औषधाची ताकदच गेली. पण वजन मुख्यतः पोटाच्या जडपणामुळे उतरत नाही, मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवर जे काम चालतं त्यामुळे उतरतं, आणि ते काम चालूच राहतं. स्टेप-५ या चाचणीत हेच औषध दोन वर्षं दिलं गेलं. दोन वर्षांच्या शेवटी घट १५.२ टक्के होती, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास होती तेवढीच. आणखी उतरलं नाही, परत चढलंही नाही.

वजन थांबण्याचं खरं कारण तुमच्या शरीराच्या उलट्या ओढीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०२५ पर्यंत असलेल्या केव्हिन हॉल यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. त्यांच्या अंदाजाप्रमाणे उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दिवसाचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र जवळपास १०० कॅलरींनी वाढते. तुमच्या १४ किलोंचा हिशोब करा. खर्च तीन-चारशे कॅलरींनी कमी झाला आणि भुकेची ओढ हजाराच्या वर गेली. वजन उतरतं तशी ही ओढ वाढत जाते आणि एका टप्प्यावर औषधाचा जोर आणि शरीराची ओढ सारखी होते. तिथे काटा थांबतो. चोर्ला घाटाच्या चढावर ट्रक थांबवून चाकाखाली दगड लावलेला असतो, त्या दगडाचं काम सध्या हे औषध करतंय. ट्रक पुढे जात नाही म्हणून दगड निकामी ठरत नाही.

परत जाणवणारी भूकही त्यातलीच. ९६ किलोच्या शरीराची भूक औषधानं जवळपास मिटवली होती. ८२ किलोच्या शरीराची भूक मुळातच मोठी आहे, म्हणून तिचा थोडा भाग जाणवतो.

यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. महिनाभर बंद ठेवून औषध 'ताजं' होत नाही. स्टेप-४ मध्ये सगळ्यांना २० आठवडे सेमाग्लुटाइड दिलं आणि मग काहींचं गुपचूप बदलून औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. पुढच्या ४८ आठवड्यांत औषध चालू असलेल्यांचं आणखी ७.९ टक्के उतरलं, बंद झालेल्यांचं ६.९ टक्के वाढलं. टिर्झेपाटाइडच्या, म्हणजे मौंजारोच्या, सरमाउंट-४ चाचणीतही तसंच घडलं: बंद केलेल्यांचं वजन वर्षभरात १४ टक्के परत चढलं. शिवाय महिनाभराच्या खंडानंतर १.७ वर थेट उडी मारता येत नाही. पोटाची सवय मोडलेली असते, उलट्यांनी हैराण व्हाल, आणि पुन्हा खालच्या पायरीपासून चढावं लागेल. त्यामुळे ही कल्पना सोडून द्या.

आता बदलण्याच्या आधीच्या गोष्टी. या भागावर मी जास्त वेळ घेतो, कारण वजन थांबलं म्हणून येणाऱ्या कित्येकांचं कारण इथेच सापडतं.

पहिलं, इंजेक्शन खरंच पूर्ण जातंय का? पेनचं बटण दाबल्यावर सुई लगेच बाहेर काढली की औषधाचा थेंब कातडीवर राहतो. आकडा शून्यावर आल्यावर मनात सहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. दर आठवड्याला बेंबीशेजारी त्याच जागी टोचत असाल तर तिथे गाठ झाली आहे का हे बोटांनी चाचपून बघा. गाठ असेल तर जागा बदला. मांडीही चालते.

जे पेनऐवजी बाटलीतून औषध घेतात त्यांच्यासाठी आणखी एक धोका आहे. मौंजारोच्या बाटलीत एका डोसचं अर्धा मिलिलिटर औषध असतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात, ४० युनिटच्या लाल टोपणाच्या आणि १०० युनिटच्या नारिंगी टोपणाच्या. अर्धा मिलिलिटर म्हणजे पहिल्या सिरिंजवर २० युनिटची खूण आणि दुसऱ्या सिरिंजवर ५० ची. कुणी 'वीस युनिट घ्या' एवढंच सांगितलं आणि घरात नारिंगी टोपणाची सिरिंज असेल, तर निम्म्याहून कमी औषध पोटात जातं. मग औषधाला दोष लागतो.

दुसरं, साठवण. ही औषधं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे एकदा वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून काहीजण पेन फ्रीजच्या वरच्या भागात, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवतात. गोठलेलं औषध वितळल्यावर दिसतं तसंच, पण ते वापरायचं नसतं. किती दिवस बाहेर चालतं ते प्रत्येक पेनच्या पत्रकात वेगळं दिलेलं असतं. ३० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि गोठू द्यायचं नाही, हे मात्र सगळ्यांना लागू. बेळगावहून घेऊन येताना थंड पिशवी वापरा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पेन मी तरी वापरू देणार नाही.

तिसरं, औषध अस्सल आहे का. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. बॅच नंबर छापलेलं पक्कं बिल घ्या. 'ओळखीतून स्वस्तात' मिळालेलं पेन नको. हल्ली व्हॉट्सॲपवर रेटाट्रुटाइड नावाची पूड विकतात. ते औषध अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे. त्या बाटलीत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

चौथं, दुसरी औषधं. गुडघ्यात गेल्या काही महिन्यांत इंजेक्शन घेतलंय का? बहुतेक वेळा ते स्टेरॉइडचं असतं आणि काही आठवडे भूक आणि अंगातलं पाणी वाढवतं. सांधेदुखीवर एखाद्या गावातून आणलेली लेबल नसलेली पूड किंवा काळ्या गोळ्या चालू आहेत का? त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. मला विचाराल तर गुडघेदुखीच्या रुग्णात हा पहिला प्रश्न असायला हवा. झोपेसाठी किंवा डोकेदुखीसाठी दिलेलं अॅमिट्रिप्टिलीन, काही मानसोपचाराची औषधं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनीही वजन चढतं. स्वतःहून यांतलं काही बंद करू नका, यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

थायरॉईडची गोळी तशीच चालू ठेवून शेवटची तपासणी कधी झाली होती? वजन १४ किलोंनी उतरलं की डोस बदलावा लागू शकतो, कमीही आणि जास्तही. टीएसएच करून घ्या. ४६ व्या वर्षी पाळी अनियमित होत असेल तर तेही सांगा. त्या काळात अंगात पाणी धरून एक-दोन किलोंचा चढउतार सहज होतो आणि खरी घट काट्यावर दिसत नाही. म्हणूनच मी कमरेचं माप विचारतो. काटा थांबला आणि कंबर उतरत राहिली असेल, तर वजन थांबलंच नाही.

पाचवं, जेवण. तुम्ही जास्त खात असाल असं मी म्हणत नाही, कमीच खात असाल. प्रश्न काय खाता याचा आहे. खानापूरकडचं ताट म्हणजे दोन्ही वेळ भात, पातळ आमटी, सकाळी पोहे किंवा उप्पीट, शाळेत मधल्या सुट्टीत चहा-बिस्किटं. भूक अर्धी झाली की माणूस ताटातलं सगळंच अर्धं करतो, आणि आधीच थोडी असलेली डाळ-उसळ अगदी नावापुरती उरते. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या देशव्यापी अभ्यासात, २०२५ मध्ये आलेल्या विश्लेषणाप्रमाणे, आपल्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के भाग भात-पोळी-साखरेसारख्या कर्बोदकांतून येतो. त्यात हे इंजेक्शन पोटाला जड अन्न नकोसं करतं, पण कुंदा, आइस्क्रीम, गोड चहा, सरबत या मऊ आणि पातळ गोष्टी विनातक्रार आत जाऊ देतं. वजन थांबलेल्यांच्या तीन दिवसांच्या जेवणाच्या नोंदीत हे फार वेळा सापडतं.

तुम्हाला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतील. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, एक वाटी घट्ट वरणात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, शिजवलेल्या शंभर ग्रॅम कोंबडीत २५ च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत ७. म्हणजे सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा मुगाचे डोसे, दुपारी हुलग्याची किंवा मटकीची घट्ट उसळ आधी आणि भात नंतर, चार वाजता चहाबरोबर बिस्किटांच्या जागी शेंगदाणे नाहीतर वाटीभर दही, रात्री मासे, चिकन किंवा पनीर. नाचणीची भाकरी जरूर खा, पण ती प्रथिनांची जागा भरून काढत नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी दही, दूध, पनीर, शेंगदाणे.

हे एवढं का सांगतो? स्टेप-१ मध्ये ज्यांच्या शरीराची घडण यंत्रानं मोजली, त्यांच्या उतरलेल्या वजनात जवळजवळ चाळीस टक्के भाग चरबी सोडून बाकीचा होता, त्यात स्नायू आले. स्नायू गेले की शरीराचा खर्च आणखी घटतो आणि काटा लवकर थांबतो. सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोवर फेऱ्या मारणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटं. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्चीपासून सुरुवात करा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यालाही उतार पडतो.

हे सगळं ठीक असेल तर पुढची पायरी अगदी साधी आहे. सेमाग्लुटाइडचे टप्पे ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ असे आहेत. तुम्ही अजून २.४ वर गेलाच नाहीत. १.७ चा त्रास होत नसेल तर डॉक्टरांशी बोलून २.४ करा आणि तिथे तीन महिने द्या. आहे त्या औषधाची एक पायरी शिल्लक असताना दुसऱ्या औषधाची पहिली पायरी चढण्यात मला अर्थ दिसत नाही.

तीन महिन्यांनंतरही काटा तिथेच असेल तर?

तेव्हा विचारायचं, आणखी वजन कशासाठी उतरवायचं आहे. ८२ किलोवर तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३३ च्या जवळ आहे. आपल्या लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, म्हणजे आणखी उतरवण्याला वैद्यकीय कारण आहे. तुमच्याकडे घोरणं आहे. झोपेत श्वास अडत असेल तर वजनाचा तिथे थेट फायदा होतो, आणि अमेरिकेच्या औषध नियामकानं डिसेंबर २०२४ मध्ये याच आजारासाठी टिर्झेपाटाइडला मान्यता दिली. त्यामुळे झोपेची तपासणी आधी करून घ्या, निर्णय तिच्यावरही अवलंबून राहील. दुसरीकडे गुडघेदुखीसाठी सेमाग्लुटाइडचा चांगला पुरावा आहे. २०२४ च्या स्टेप-९ चाचणीत गुडघे झिजलेल्या लठ्ठ रुग्णांच्या वेदना त्यानं लक्षणीय उतरल्या. हृदयविकार झालेल्यांसाठीही सेमाग्लुटाइडचा पुरावा भक्कम आहे. सिलेक्ट या मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. एखाद्या रुग्णाला अँजिओप्लास्टी झालेली असेल तर केवळ चार किलोंसाठी मी हे औषध सहज सोडू देत नाही.

किलोंच्या हिशोबात मात्र टिर्झेपाटाइड पुढे आहे. सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या एकाच हार्मोनच्या वाटेनं काम करतं, टिर्झेपाटाइड त्याबरोबर जीआयपी या दुसऱ्या हार्मोनच्या वाटेनंही. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरमाउंट-५ मध्ये ७५१ लोकांत दोघांची समोरासमोर तुलना झाली. ७२ आठवड्यांत टिर्झेपाटाइडवर २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइडवर १३.७. कंबर १८.४ सेंटिमीटर विरुद्ध १३.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्या. ती सगळी माणसं नव्यानं औषध सुरू करणारी होती, सेमाग्लुटाइडवर थांबलेली नव्हती. त्यामुळे '८२ मधून आणखी वीस टक्के' असा हिशोब करू नका. दोन्ही औषधांतला फरक साडेसहा टक्के, तोही मूळ ९६ किलोंवर. म्हणजे सहा किलोंच्या आसपासची आशा धरणं वाजवी आहे. कुणाला जास्त मिळेल, कुणाला काहीच नाही. आणि टिर्झेपाटाइडवरही एक दिवस काटा थांबेल, कारण उलटी ओढ तीच आहे. हे आधीच माहीत असलं की तेव्हा घाबरून तिसऱ्या औषधामागे धावावं लागत नाही. अर्थात ज्यांचं पूर्ण डोसवर काही महिने काढूनही पाच टक्केसुद्धा उतरलं नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी लवकर बदलावं.

बदलायची पद्धत अशी. शेवटचं सेमाग्लुटाइड घेतलं की पुढच्या आठवड्याच्या त्याच वारी टिर्झेपाटाइडचं पहिलं इंजेक्शन. जादा खंड नको आणि एकाच आठवड्यात दोन्ही तर अजिबात नकोत. सुरुवात २.५ मिलिग्रॅमनं. चार आठवड्यांनी ५. त्यानंतर गरज असेल तरच, किमान चार-चार आठवड्यांनी ७.५, १०, १२.५, १५. 'मी तर मोठा डोस घेत होते, मग एकदम १० का नको?' असं बहुतेकजण विचारतात. एका औषधाचे मिलिग्रॅम दुसऱ्याचे होत नाहीत. दुसऱ्या हार्मोनची वाट तुमच्या पोटाला नवी आहे. काही अनुभवी डॉक्टर मोठ्या डोसवरून येणाऱ्याला थेट ५ पासून सुरू करतात, पण तो निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा. बहिणीचा डोस बघून तुमचा ठरवू नका, तिचं उरलेलं पेनही वापरू नका.

पहिला दीड-दोन महिना थोडा परीक्षेचा असतो, त्याची आधीच तयारी ठेवा. २.५ हा उपचाराचा डोस नाही, शरीर रुळवण्याचा आहे. सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, म्हणजे ते चार-पाच आठवडे हळूहळू ओसरत राहतं. पहिल्या दोन आठवड्यांत त्याची साथ असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनं ओसरलेलं आणि नवं अजून कमी, अशी अवस्था येते. तेव्हा भूक लागते, किलो-दीड किलो वाढूही शकतं. याच आठवड्यांत लोक 'हेही लागू नाही' म्हणून सोडतात. सोडू नका. ५ आणि पुढे ७.५ वर स्थिरावेपर्यंत निकाल काढू नका. हे आठवडे देवीच्या जत्रेच्या किंवा घरच्या लग्नाच्या धामधुमीत येणार नाहीत असं बघून तारीख धरा. मटणाचं जेवण आणि नवा डोस एकाच दिवशी आला की रात्र उलट्यांत जाते.

नवा डोस घेतल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तळलेलं टाळा, जेवण थोडं थोडं करा, पाणी पुरेसं प्या. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर घरी मोजत राहा. वजनाबरोबर दाबही उतरतो आणि गोळी कमी करावी लागते. तसं न केल्यास उठताना चक्कर येते.

उलट बाजूनं, म्हणजे टिर्झेपाटाइडवरून सेमाग्लुटाइडवर, येणारेही आता वाढले आहेत. त्यामागे मुख्य कारण पैसा. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा २.५ ची एक बाटली ३,५०० रुपयांना आणि ५ ची ४,३७५ ला होती, आणि महिन्याला चार लागतात. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि भारतीय कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. परवडत नाही म्हणून बंद करण्यापेक्षा परवडणाऱ्या औषधावर टिकून राहणं कितीतरी चांगलं, आणि हे डॉक्टरांना सांगायला संकोच वाटू देऊ नका. एका कंपनीच्या सेमाग्लुटाइडवरून दुसऱ्या कंपनीच्या सेमाग्लुटाइडवर जाणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. खंड पडला नसेल तर डोस तोच राहतो. फक्त पेनची रचना वेगळी असते, म्हणून पहिला डोस दुकानात किंवा दवाखान्यात कुणाच्या तरी देखरेखीखाली घ्या.

मधुमेह असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर औषध बदलताना आणि डोस वाढवताना साखर एकदम खाली जाऊ शकते, ती औषधं आधी कमी करावी लागतात. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्या या इंजेक्शनांबरोबर घेण्यात फायदा नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करूनच सुरू करा. मधुमेहींचं वजन तुलनेनं कमी उतरतं, हेही आधी माहीत असावं.

तरुण वाचक भगिनींसाठी: टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे एकट्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, जोडीला निरोध वापरा. वजन उतरलं की पीसीओडी असलेल्यांना अनपेक्षित दिवस राहतात. बाळ हवं असेल तर ही औषधं आधी बंद करावी लागतात, सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी.

घरात कुणाला थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर यांतलं कुठलंच औषध नको. तुमच्या थायरॉईडच्या गोळीचा याच्याशी संबंध नाही, ती चालू असताना ही इंजेक्शनं घेता येतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर ते लपवू नका. आणि पोटात पाठीपर्यंत जाणारी, थांबत नाही अशी दुखणी, उजव्या बरगडीखाली कळ आणि ताप, किंवा पाणीही पोटात न ठरणं, यांपैकी काही झालं तर पुढचं इंजेक्शन थांबवा आणि त्याच दिवशी खानापूरच्या दवाखान्यात जा. सकाळच्या एसटीनं बेळगावला येईपर्यंत वाट बघू नका. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्यांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा, पोट रिकामं व्हायला वेळ लागत असल्यानं त्यांना ते माहीत हवं.

आपल्या सीमाभागातली एक अडचण वेगळीच आहे. निदान मिरजेला, औषधाची सुरुवात कोल्हापूरला, पुढची चिठ्ठी बेळगावला आणि औषध गोव्याहून येताना आणलेलं. चिठ्ठ्या इंग्रजीत, सूचना कन्नडमध्ये, समजावणारा मराठीत. यात डोस दोनदा वाढवला जातो, किंवा एका डॉक्टरनं बंद केलेलं दुसऱ्याच्या चिठ्ठीवर चालू राहतं. म्हणून एक शंभर पानी वही करा. तारीख, औषधाचं नाव, मिलिग्रॅम, टोचलेली जागा, आठवड्याचं वजन, महिन्याचं कमरेचं माप, झालेला त्रास. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ती वही पुढे ठेवा. औषध एकाच डॉक्टरनं बदलावं, बाकीच्यांनी सल्ला द्यावा.

येत्या भेटीला तुमच्या डॉक्टरांकडे ही वही, वापरात असलेलं पेन, घरातल्या सगळ्या गोळ्या-पुड्या पिशवीत घालून, तीन दिवसांच्या जेवणाची नोंद आणि टीएसएच, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या हे घेऊन जा. झोपेच्या तपासणीची चिठ्ठी मागा. पेनवर डोस कसा लावता ते डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा आणि २.४ बद्दल तिथेच विचारा.